दातातलं माहेर

ते यंत्र मुळात हापूस आंब्यासाठी बनवलं होतं, हे आता सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही.

कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत भरून विकणाऱ्यांना चाप लावायचा, एवढाच पुण्यातल्या त्या प्रयोगशाळेचा हेतू होता. चारुता वैराळे तिथे भूरसायनशास्त्रज्ञ होती. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी देशभर हिंडून विहिरी, बोअर, नद्या, तळी यांचं पाणी बाटल्यांत भरून आणलं आणि एक नकाशा तयार केला. आंब्याच्या कोयीचा कण तुपाच्या डब्याएवढ्या त्या यंत्रात टाकला, की ते झाड कुठलं पाणी पिऊन वाढलं ते नकाशावर दिसायचं. देवगडच्या बागायतदारांनी तिला शाल-श्रीफळ दिलं. मग दिल्लीत कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं, की आंबा पाणी पितो तसा माणूसही पितो.

चारुताने नोकरी सोडली. राजीनाम्याने कुठलं यंत्र थांबल्याचं ऐकिवात नाही, तसं हेही थांबलं नाही. ती मिरजेला आली आणि 'ओसरी'त काम करू लागली. ओसरी ही छोटी संस्था. परके ठरवून कोंडलेल्या लोकांना वकील मिळवून द्यायचे, त्यांना कोंडू नका, हाकलू नका म्हणून सरकारदरबारी खेटे घालायचे, हा तिचा उद्योग. कचेरी एका तंबोरे बनवणाऱ्याच्या दुकानावर होती. खाली भोपळे वाळत असत आणि वर माणसं रडत असत.

यामागचं विज्ञान सोपं आहे. जी विज्ञानं माणसाच्या मुळावर येतात ती बहुधा सोपीच असतात. खडक झिजतो आणि त्यातलं स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य कणाकणाने पाण्यात उतरतं. ते कॅल्शियमचं चुलतभावंड. शरीराला दोघांतला फरक कळत नाही, त्यामुळे ते हाडांत आणि दातांत जाऊन बसतं. त्याचे हलके आणि जड असे प्रकार असतात. हिमालयातून वाहून आलेल्या गाळात जड प्रकार जास्त, आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात कमी. हाडं आयुष्यभर मोडत-बनत राहतात, पण दातावरचं पांढरं कवच एकदा घडलं की घडलं. बाळपणी प्यायलेलं पाणी माणूस मरेपर्यंत तोंडात घेऊन फिरतो.

माणूस मूळचा कुठला ते तपासणारा 'मूळ पडताळणी' कायदा आला तेव्हा न्यायालयाने एक माणुसकी दाखवली. माणसाच्या तोंडातल्या दाताला त्याच्या संमतीशिवाय हात लावायचा नाही. त्यावर सरकारी वकील म्हणाले, पडलेला दात मात्र कुणाचाच नसतो. आणि ते मान्य झालं. आता दात पडतात कुणाचे? पोरांचे. शाळाशाळांत दंत-आरोग्य सप्ताह सुरू झाले. पूर्वी पोरं पडलेला दात कौलावर भिरकावून उंदराकडे नवा मागत. आता तो बाईंच्या टेबलावरच्या डब्यात टाकायचा आणि रंगीत पेन्सिली घेऊन घरी जायचं.

तासगाव तालुक्यातल्या वडगावमाळच्या जुई सदामतेने असाच आपला पहिला दात दिला. तिला सहावं सरून सातवं लागलं होतं.

*

"आमची पोरगी आमच्या परड्यात वाढली," जुईची आजी गौराक्का ओसरीच्या कचेरीत बसून सांगत होती. तिच्या मागे तिचा मुलगा भागवत खांबासारखा उभा होता. "तिच्या दातात गंगंचा गाळ कुठनं आला म्हंते मी? काशीला तर मी सुदिक गेली न्हाई अजून."

प्रकरण असं होतं. जुईच्या जन्माचा दाखला वडगावमाळ ग्रामपंचायतीचा, जन्म राहत्या घरी. यंत्र म्हणत होतं की मूल गंगेच्या मुखाकडचं आहे. म्हणजे दाखला खोटा, आणि तिकडचा कुठला कागद नाही म्हणून पोर परकी. गाडी आली आणि जुईला घेऊन गेली. एवढ्या लहान मुलीला एकटं ठेवता येत नाही, हे साहेबांच्या लक्षात आलं, म्हणून तिच्या आईलाही, शेवंताला, बरोबर नेलं. दोघींना मिरजेबाहेरच्या बंद पडलेल्या सूतगिरणीत ठेवलं होतं. फाटकावर पाटी 'प्रतीक्षालय' अशी. कशाची प्रतीक्षा, ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं. गावात सगळे तिला गिरणीच म्हणत.

"सुनेचं माहेर कुठलं?" चारुताने विचारलं.

"कलकत्त्याकडलं. हिकडं पोरी मिळंनात, द्राक्षबागवाल्याला बी कोण पोरगी देईना. मग एजंटानं आणली. शेफाली का काय नाव हुतं, आमी शेवंता ठेवलं. कागदं समदी हायत तिची."

ॲडव्होकेट इलियास मुजावर हे ओसरीचे वकील. ते शांतपणे ऐकत होते. चारुताने दाताचा अर्धा तुकडा मागून घेतला. कायद्याने तेवढा मिळतो. पुण्यातल्या जुन्या मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत तिने तो स्वतः तपासला.

सरकारी यंत्र दाताच्या मधोमध एकच ठिपका जाळून पाहतं. चारुताने ठिपका न घेता टोकापासून हिरडीकडे केसाहून बारीक रेघ ओढत नेली. कारण दात झाडाच्या खोडासारखा थराथराने वाढतो. दुधाचा पुढचा दात आईच्या पोटात चौथ्या महिन्यातच घडायला लागतो आणि जन्मानंतर दोन-तीन महिन्यांत पुरा होतो. जन्माच्या वेळी बाळाला जो धक्का बसतो त्याची एक बारीक रेषा दातात कायमची उमटते. तिला जन्मरेषा म्हणतात. रेषेच्या अलीकडे आईने प्यायलेलं पाणी, पलीकडे बाळाचं स्वतःचं जग.

जुईच्या दाताच्या टोकाला काळा दगड होता, तासगावचा. मग रेषेच्या थोडं आधीपासून गंगेचा गाळ. रेषा ओलांडून थोडं पुढे गेलं की पुन्हा काळा दगड.

चारुता मिरजेला परतली ती हातात आकृती घेऊन जवळजवळ धावत जिना चढली. तिने गौराक्काला समजावून सांगितलं. गौराक्काने आकृतीकडे बघितलंही नाही.

"म्हंजी बाळतपणाला गेल्याली दिसतीय व्हय?" ती म्हणाली आणि चक्क हसली. "मग आधी इचारायचं न्हाई का. पयलं बाळतपण म्हायारलाच असतंय. ती नगं नगं म्हणत हुती, माझं कोण न्हाई तिकडं म्हणत हुती. म्या म्हणलं, आई हाय न्हवं? मग? लोकं काय म्हणतील, सदामत्यांनी सुनंला म्हायार दावलं न्हाई. सातव्यात ओटी भरून, शेवया-कुरडया बांधून पाटवली. भागवत हावड्यापत्तूर जाऊन तिच्या भावाच्या हवाली करून आला. पोरगी सव्वा महिन्याची झाल्यावर भाऊच परत घेऊन आला तिला."

"आणि दाखला?"

"त्यो हितं काढला. ग्रामसेवक म्हणला, तिकडचं कुठं आणायला जाता, घरी झाली म्हणून लिवतो. पाच पेढे दिलं त्याला."

भागवत पहिल्यांदाच बोलला. "आई, तिचा भाऊ होडीनं आलता. सरहद्दीवरच्या नदीच्या पल्याडनं."

खालून तंबोऱ्याची तार जुळवल्याचा आवाज येत होता.

*

"मार्ग दोन आहेत," सदामते मायलेक बाकावर बसलेले असतानाच मुजावर वकील म्हणाले. "मुलीचा बाप इथला आणि गर्भ इथे राहिला, असं सिद्ध झालं तर मूल इथलं. कायद्यात तसं कलमच आहे. तुमची रेघ ते सिद्ध करते, मॅडम. पण न्यायाधिकरण विचारणार, मधला गाळ कुठला? शेवंताच्या कागदावरचा पत्ता मी तपासला. तिथे भाताची गिरणी आहे. तेव्हा खरं माहेर सांगावं लागेल, नदीपलीकडचं, सरहद्दीबाहेरचं. म्हणजे जुई सुटेल आणि शेवंता अडकेल."

"आणि दुसरा मार्ग?"

"शाळेच्या डब्यात वर्गातल्या सगळ्या पोरांचे दात असतात. हा दात जुईचा नाही, तुकड्याशी तिचा मेळ बसत नाही, असं तुम्ही लिहून द्यायचं. संशयाचा फायदा मिळाला तर दोघी सुटतील. न मिळाला तर दोघी जातील."

"दात तिचाच आहे," चारुता म्हणाली.

"ते मला माहीत आहे."

"मी खोटं लिहून देणार नाही. यंत्र खोटं बोलतंय असं आपण आजवर ओरडत आलो. आता पहिल्यांदा खरं आपल्या बाजूने आहे. मुलगी शंभर टक्के सुटते यात. शेवंतासाठी आपण नंतर लढू."

मुजावरांनी चष्मा काढून पुसला. त्यांचं अर्धं आयुष्य कोर्टात गेलं होतं आणि खऱ्याच्या बाजूने किती जण सुटले याचा त्यांना अंदाज होता. पण हमी ती हमी, आणि प्रश्न लहान मुलीचा होता. गौराक्का एकदा याच्या आणि एकदा तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

गिरणीत भेटीची खोली म्हणजे पूर्वीचं कापसाच्या गाठींचं गोदाम. काचेपलीकडे शेवंता जुईची वेणी घालत बसली होती. तिचं मराठी अगदी सासूच्या वळणाचं होतं, फक्त 'स' जरा घोटाळत असे. चारुताने सगळं सांगितलं. दोन्ही मार्ग सांगितले, हे तिच्या बाजूने म्हणायला हवं. पण पहिला सांगताना तिचा आवाज भरून आला होता आणि दुसरा तिने भराभर उरकला.

"जुई नक्की भाईर येती?" शेवंताने विचारलं.

"नक्की."

"मग लिवा. आमच्या गावात आता माणूस न्हाई ऱ्हात, ताई. खारं पाणी घरात शिरलंय. आई गेली त्यात. तवा मी कुठली म्हणून सांगितलं तरी कुणाचं काय जातंय?" ती थांबली. "माझं जातंय, व्हय. पण पोरगी हितं नगं."

"तुम्हालाही आम्ही सोडवू," चारुता म्हणाली. तिला ते मनापासून वाटत होतं, म्हणून तर हे वाक्य जास्त वाईट.

*

न्यायाधिकरणापुढे चारुता सुरेख बोलली. तिने पद्धत पायरीपायरीने मांडली, कारण जो पुरावा दुसऱ्याला पुन्हा करून बघता येत नाही तो पुरावाच नव्हे, असं तिला आयुष्यभर शिकवलं गेलं होतं. किती बारीक रेघ, किती खोल, जन्मरेषा कशी ओळखायची, सगळं. जुई सुटली. ओसरीच्या इतिहासात यंत्राविरुद्ध जिंकलेला हा पहिला दावा. तंबोरेवाल्याने वर येऊन पेढे वाटले.

पडताळणी खात्याचे रेणापुरे नावाचे तरुण अधिकारी बाहेर येऊन तिला भेटले. "मॅडम, विद्यार्थी असताना तुमचा आंब्यावरचा निबंध आम्हाला अभ्यासाला होता," ते अदबीने म्हणाले. "आजचं काम त्याहून मोठं आहे."

किती मोठं ते चारुताला पावसाळा सरता सरता कळलं. तोवर खात्याला मूल कुठलं एवढंच विचारता येत होतं. आता चारुताच्या रेघेने त्याहून उपयोगाची गोष्ट हाती आली. मूल इथलंच असलं तरी त्याच्या दातात आई बाळंतपणाला कुठे गेली होती ते स्पष्ट लिहिलेलं असतं. आईच्या तोंडाला हात लावायची गरजच उरली नाही. डब्यांत साठवलेले सगळे जुने दात पुन्हा बाहेर निघाले. खात्याच्या पत्रकात त्याला 'मातृस्थान वाचन' असं नाव होतं. बायका त्याला 'माहेर काढणं' म्हणू लागल्या. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, त्यातला मारुती निदान देव तरी असतो.

गाड्या गावोगाव जाऊ लागल्या. पोरं घरी ठेवायची आणि आई न्यायची. ज्यांना सासूने हौसेने, गाजावाजा करून माहेरी धाडलं होतं त्या पहिल्यांदा सापडल्या. ज्यांना कुणी पाठवलंच नव्हतं, कष्टात सासरीच बाळंत झाल्या होत्या, त्यांच्या पोरांचे दात स्वच्छ निघाले. मायेला शिक्षा झाली आणि हेळसांड सुटली, असा तो न्याय होता. तासगाव, जत, आटपाडीकडे एजंटाकरवी आणलेल्या सुना पुष्कळ. गिरणीत जागा पुरेना तेव्हा सूत कातायची जुनी यंत्रं भंगारात घातली आणि तिथे खाटा टाकल्या.

ओसरीच्या जिन्यावर आता पायरीपायरीवर माणसं बसलेली असत. त्यातल्या प्रत्येकाला बायको का नेली ते समजावून सांगायचं काम चारुताकडे होतं, कारण संस्थेत ते शास्त्र दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. एकदा जतच्या एका रिक्षावाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि साधेपणाने विचारलं, "हे शोधलं कुणी, बाई?" मुजावर वकील चटकन म्हणाले, "सरकारने." तो बिचारा सरकारला शिव्या देत जिना उतरला. चारुताला त्या दिवशी पहिल्यांदा मुजावरांचा राग आला. त्यांनी तिची कीव केली होती.

शेवंताचं अपील मार्गशीर्षात फेटाळलं गेलं. तिने स्वतःच शपथेवर माहेर सांगितलं होतं. आता वेगळं काय म्हणणार? तिला बाकीच्या बायकांबरोबर गाडीने नदीपर्यंत नेणार, असा हुकूम निघाला.

*

गौराक्का जुईला घेऊन आली तेव्हा भागवत बरोबर नव्हता. सुटल्यापासून जुई कमी बोलत होती. वरचा एक दात हलत होता आणि ती ओठ घट्ट मिटून बसली होती.

"पोरीला संगं धाडा तिच्या," गौराक्का म्हणाली.

"काय?"

"पोरगी जेवत न्हाई. आई आई करती. माझं काय, मी पिकलं पान. भागवताचं मी बघती. तिकडं पाणी शिरू दे न्हाईतर काय बी हूं दे, आईपशी ऱ्हाईल. शेवंता बी तेच म्हंती आता. आजच्या गाडीनं दोगी संगट जाऊ द्या."

मुजावर वकील उठून गिरणीत गेले आणि तासाभरात परत आले. त्यांचा चेहरा बघून चारुताने ओळखलं. "मूल इथलं आहे," ते म्हणाले. "इथल्या नागरिकाला देशाबाहेर काढता येत नाही. न्यायाधिकरणाचाच आदेश आहे. त्यांनी मला तुमचा अहवाल दाखवला, मॅडम."

चारुता तशीच उठली. रिक्षाने स्टेशनवर, तिथून कोल्हापूरला, रेणापुऱ्यांच्या कचेरीत. वाटेत तिने खोटं नीट रचलं. आयुष्यात पहिल्यांदाच रचत होती, पण हुशार बाई होती, चांगलं जमलं.

"माझ्या अहवालात चूक आहे," ती रेणापुऱ्यांना म्हणाली. "नमुना मी नीट धुतला नव्हता. लाळेतून तासगावचं पाणी लागलं असणार. काळा दगड दिसतो तो तोच. मूल पूर्णपणे गाळातलं आहे. मी लेखी देते. तिला आईबरोबर जाऊ द्या."

रेणापुऱ्यांनी तिला पाणी दिलं. त्यांनी वाद घातला नाही, उलट फाइल मागवली, आणि प्रयोगशाळेला फोन लावून जुईच्या दाताचा उरलेला तुकडा पुन्हा तपासायला सांगितला. म्हणाले, मॅडमनी शंका घेतली आहे, तातडीने करा. चारुता बाहेरच्या बाकावर बसून राहिली. आपल्या हातून इतकी वर्षं एकदाही नमुना खराब झाला नव्हता, याचा तिला त्या बाकावर पश्चात्ताप झाला. एखादा तरी खराब व्हायला हवा होता.

दुपारी रेणापुरे स्वतः बाहेर आले. हातात कागद होता आणि चेहऱ्यावर खरोखरीचा दिलासा.

"मॅडम, काळजी करू नका. तुमचं काहीही चुकलेलं नाही. आम्ही तीन वेगळ्या यंत्रांवर पाहिलं. काळा दगड, गाळ, काळा दगड. अगदी तुमच्याच आकृतीसारखं." मग आवाज उतरवून म्हणाले, "तुम्ही थकला आहात. आपल्या कामावर इतका अविश्वास बरा नव्हे."

चारुता मिरजेला परतली तेव्हा गाडी गिरणीतून निघून गेली होती. फाटकासमोर रस्त्याकडेला गौराक्का जुईचा हात धरून उभी होती. मुजावर थोडे लांब, पाठ करून. शेवंताने काचेतून काय खुणा केल्या, जुई किती रडली, ते कुणी सांगितलं नाही आणि चारुताने विचारलं नाही. ती गौराक्कासमोर गेली आणि झालं ते सगळं सांगितलं. आपण खोटं बोलायला गेलो होतो, तेही सांगितलं.

गौराक्काने तिच्याकडे बघितलं. नजरेत राग नव्हता. राग असता तर चारुताला तो सोसता आला असता.

"खोटंच बोलायचं हुतं," म्हातारी म्हणाली, "तर तवाच बोलायचं हुतंस, बाई."

मग तिने जुईला कडेवर घेतलं. एवढी मोठी मुलगी तिला उचलवत नव्हती, तरी घेतलं, आणि ती तासगावच्या एसटीच्या थांब्याकडे चालू लागली.